नवा चाकू वाकडा आलाय? आधी धार लावायला जाऊ नका

नमस्कार मालक,

नव्या चाकूबद्दलची तुमची इथली पोस्ट वाचली आणि माझंच जुनं प्रकरण परत डोळ्यापुढं आलं. तुमचाही तसाच ऑनलाइन मागवलेला, न मिटणारा, सहा इंची पात्याचा चाकू. पाठीकडून बघितलं की टोक डावीकडं गेलेलं, मुठीच्या लाकडाखाली नख शिरेल एवढी फट, आणि थोडी दोरी कापली की धार मुडपलेली. वर विक्रेता म्हणतो, हातानं बनवलेल्या वस्तूत असं चालायचंच. आणि आता त्यांच्या मदत केंद्रानं तुम्हाला फोनवर सांगितलंय की सोलापुरातच कुठंतरी धार लावून घ्या, पैसे आम्ही देतो.

ते करू नका. बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल, पण चाकू आत्ता आहे तसाच कागदात गुंडाळून ठेवा.

मला अगदी हेच सांगितलं होतं. सांगणारी बाई गोड बोलत होती, मी विश्वास ठेवला, साणेवर धार लावून आणली आणि पावती पाठवली. उत्तर आलं की ग्राहकानं वस्तूत फेरफार केल्यामुळं ती परत घेता येणार नाही. ज्यांनी फेरफार करायला सांगितलं, तेच हे लिहितात! त्या फोनची नोंद त्यांच्याकडं नव्हती म्हणे. मग मी पात्याच्या वाकडेपणावर अडून बसलो, तेव्हा कुठं माल परत न्यायला माणूस पाठवायचं कबूल केलं. तो जुळे सोलापुरात दारापर्यंत आला, 'धारदार वस्तू घेत नाही' म्हणाला आणि गेला. त्यांच्या नोंदीत मात्र 'ग्राहक घरी नव्हता'. तक्रार आपोआप बंद. पुन्हा नवीन क्रमांक, नवीन माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी. तोच चाकू माझ्या घरी कुरिअरनंच आला होता की! विकताना चालतं आणि परत नेताना धोका होतो, हे मला आजही पटलेलं नाही. चाकूच्या किमतीपेक्षा या केंद्रानं माझा जास्त छळ केला, म्हणून एवढं लिहितोय.

बिल, खोक्याचे फोटो वगैरे तुम्ही ठेवलेच असणार, ते सांगत बसत नाही. मुद्दा हा, की ही मंडळी तुम्हाला सारखं धारेवर बोलायला लावतात, कारण धार चांगली की वाईट हे दाखवणं अवघड. त्यातलं खरं तुम्हाला सांगतो. कारखान्यात शेवटची धार बहुतेक वेळा वेगानं फिरणाऱ्या पट्ट्यावर कोरडीच काढतात. धारेची कोर इतकी पातळ, की क्षणात तापते. साध्या कार्बन पोलादाला पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केल्यावर, ते ठिसूळ होतं, म्हणून २०० अंश सेल्सिअसच्या आसपास परत तापवून त्यात चिवटपणा आणतात. कोर त्याच्या फार वर तापली तर तेवढ्या जागेचा कडकपणा उतरतो आणि धार मुडपते. आतलं पोलाद चांगलं असू शकतं. दगडावर हातानं दोन-तीनदा धार काढली, जळलेली कोर निघून गेली, की तोच चाकू नीट चालतो.

म्हणजे तुमचं पोलाद खरंच खराब आहे का, हे धार काढल्याशिवाय कळणार नाही, आणि धार काढली की ते वस्तू परत घेणार नाहीत. यातून वाट एकच. तक्रारीत धारेचं एक वाक्य लिहा आणि सगळा जोर वाकडेपणावर आणि फटीवर द्या. त्या दोन्ही गोष्टी चाकूला हात न लावता दाखवता येतात. स्टीलची पट्टी पात्याच्या अंगाला उभी टेकवा, मागून उजेड ठेवा आणि फोटो काढा. मुठीच्या फटीत जाड कागदाचा तुकडा शिरतोय असा फोटो घ्या. टोक किती सरकलंय ते मिलिमीटरमध्ये लिहा. हातानं बनवलेल्या सहा इंची पात्यात टोक एखादा मिलिमीटर इकडं तिकडं असेल तर मी स्वतः भांडणार नाही. त्याच्या पुढं गेलं की ती खोटच. हे माझं मत आहे, कुठलं मानक नाही.

पोस्टमध्ये तुम्ही गंजाचा ठिपकाही लिहिलाय, तो मुद्दा तक्रारीतून काढून टाका. तुम्ही पोलाद डी-टू लिहिलंय, हा पोलादाचा एक प्रकार. त्यात क्रोमियम साधारण १२ टक्के असतं, पण बरंचसं कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या कडक कणांत, अडकलेलं, त्यामुळं ओलं राहिलं की डाग पडतातच. एक लंगडा मुद्दा घातला की ते फक्त त्याच्यावरच उत्तर देतात.

फटीबद्दल ते अजून एक बोलतील: तुमच्याकडच्या हवेनं लाकूड आकसलं. सोलापूरच्या मे महिन्यात हे घडतं, नाकारत नाही. दमट गावात बसवलेली, नीट न वाळलेली लाकडी मूठ आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आकसते आणि पोलादाची कड बोटाला लागायला लागते. पण तुमचा चाकू खोकं उघडताच फटीसकट निघालाय, त्या दिवशीचे फोटो आहेत, तेव्हा हे कारण चालू देऊ नका. पुढच्या वेळी चाकू घ्याल तेव्हा मात्र लाकडी मूठ टाळा, मायकार्टा किंवा जी-टेन बघा, म्हणजे राळेत कापडाचे किंवा काचतंतूंचे थर दाबून केलेल्या मुठी. दिसायला लाकूड छान, पण आपल्या हवेत टिकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आणि हो, तुमच्या पोस्टखाली एकानं सुचवलंय तसं लोहाराकडून सरळ करून घेणं अजिबात नको. पाणी दिलेलं पातं थंड असताना ठोकलं तर तडकू शकतं आणि गॅसच्या ज्योतीवर धरलं तर कडकपणा जातो. साध्या कार्बन पोलादावर निळी झाक आली म्हणजे ते ३०० अंशांच्या आसपास जाऊन आलंय. लोहाराचा दोष नाही, तो विळे-कुऱ्हाडी उत्तम करतो, पण त्याला पोलाद कुठलं आणि पाणी कसं दिलंय हे माहीत नसतं.

आता कागदोपत्री काय करायचं ते. मी वकील नाही, जे मला उपयोगी पडलं तेवढंच सांगतो. फोन बंद, सगळं ईमेलवर. फोनवर काही सांगितलंच, तर लगेच 'आज आपण मला असं असं सांगितलंत' असा मेल टाका. ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणं त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकालात काढायची. सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, हेही त्याच नियमांत आहे. मेलमध्ये हे लिहा, भाषेत फरक पडलेला दिसेल.

त्यानं नाही भागलं तर १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवा. माझ्या वेळी त्यानंतर कंपनीनं कूपन देऊ केलं, मी घेतलं नाही. जिल्हा ग्राहक आयोगात टाकायच्या तक्रारीचा मसुदा तयार केला आणि तो जोडून स्पीड पोस्टानं नोटीस पाठवली, तेव्हा चाकूचे पैसे खात्यात आले. साणवाल्याचे आणि कुरिअरचे आले नाहीत ते नाहीतच.

आयोगाला लोक उगाच घाबरतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथं राहता तिथंच, म्हणजे सोलापुरातच, तक्रार करता येते. बिलावर 'न्यायक्षेत्र दिल्ली' छापलं म्हणून दिल्लीला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, वकील सक्तीचा नाही, आणि आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेकडं पाठवू शकतो. म्हणूनही चाकूला हात लावू नका म्हणतोय. चिंचोळी एमआयडीसीत कुणाच्या ओळखीनं रॉकवेल मशीनवर कडकपणा मोजून घ्यायचा विचार मनात आला असेल तर तोही सध्या थांबवा. हिऱ्याच्या टोकाचा खड्डा पात्यावर राहतो आणि त्यांना आयतं निमित्त मिळतं. एक मात्र बघा: बिल दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घेतलं असेल तर 'व्यापारी वापर' म्हणून ते अडवायला बघतील.

परत पाठवायची वेळ आली तर टोकावर जाड पुठ्ठा, सगळ्या पात्याला पुठ्ठ्याचं म्यान, वर चिकटपट्टी, आणि हे सगळं करतानाचा व्हिडिओ. १८९८ च्या टपाल कायद्यातसुद्धा मनाई होती ती नीट न झाकलेल्या धारदार वस्तूला. तो कायदा २०२४ मध्ये गेला, तरी बांधायची रीत हीच ठेवा. माणूस घेऊन जायला नकार देत असेल तर त्याच्यासमोरच कंपनीला मेल करा, वेळेसकट. गाडीच्या डिकीत मोकळा चाकू टाकून कुरिअरच्या ऑफिसला जाऊ नका. पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघत असतात, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेच्या दिवसांत तर जास्तच जपा. पॅक केलेलं खोकं आणि बिल सोबत हवं.

तोवर गंज वाढू नये म्हणून पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक हात फिरवा, पण आधी डागाचे फोटो काढून घ्या. घरातलं करडईचं तेल नको, ते वाळून चिकट होतं. आणि चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. त्यांचा मेल आला की नाव-पत्ता झाकून इथं टाका, उत्तर काय लिहायचं ते बघू.