सुरुंग: भुयार की स्फोट?

प्रश्न असा आहे: पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्स दलातल्या 'टनेलिंग कंपनी' या तुकडीला मराठीत 'सुरुंग कंपनी' म्हणावं का? सुरुंग म्हणजे स्फोट, आणि ही माणसं तर भुयारं खणणारी.

खुशाल म्हणा. विहिरीला सुरुंग लावतात, म्हणून आपल्याला आधी दारू आठवते. पण संस्कृत 'सुरुङ्गा' म्हणजे भुयारच. 1660 साली शाहिस्तेखानाने चाकणच्या कोटाखाली भुयार नेलं, त्यात दारू ठासली आणि बुरूज उडवला. खणणं नि उडवणं हे एकच काम. पेपरात रोज कुणाच्या ना कुणाच्या बालेकिल्ल्याला लागतो तो सुरुंग हाच.

या कंपन्या 1915 पासून नेमकं तेच करत होत्या. कंत्राटदार जॉन नॉर्टन-ग्रिफिथ्स यांनी मँचेस्टरची गटारं खणणारे गडी थेट आघाडीवर नेले. तिरक्या फळीला पाठ टेकायची आणि दोन्ही पायांनी फावडं चिकणमातीत रेटायचं. कुदळीचे घाव नकोत, कारण पलीकडून जर्मनही खणत होते आणि कान लावून बसले होते. 7 जून 1917 च्या पहाटे बेल्जियममधल्या मेसिनच्या टेकाडाखाली असे 19 सुरुंग उडाले.

कधी डाव उलटायचा. 22 जून 1916 ला फ्रान्समधल्या जिव्हाँशीला जर्मन सुरुंग उडाला आणि 254व्या कंपनीचा विल्यम हॅकेट चौघांसह भुयारात अडकला. वीस तासांनी ढिगाऱ्यातून भोक पडलं. त्याने तिघांना बाहेर काढलं, पण जायबंदी चौथ्याला सोडून जायला नकार दिला. मग भुयार ढासळलं. चार दिवस खणूनही दोघे हाती लागले नाहीत. हॅकेटला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

'भूसुरुंग' मात्र वापरू नका. तो वरून पेरतात, पाय पडला की उडतो. त्याचा इथे संबंध नाही.

हॅकेटचा हुद्दा 'सॅपर', म्हणजे इंजिनिअर दलातला साधा शिपाई, तसाच ठेवा, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समुळे तो आपल्याकडे परका नाही. जुन्या मजकुरात 'सफरमैना पलटण' भेटली तर तीही हीच जमात, 'सॅपर्स अँड मायनर्स' देशी जिभेवर घोळून झालेली. त्यात ना सफर आहे, ना मैना.