दुनळीत कोणतं काडतूस? आधी घराच्या भिंती बघा

तुमचा प्रश्न असा: वडिलांची बारा बोअरची दुनळी रीतसर तुमच्या परवान्यावर आली आहे. राहणं कोलशेतला, टॉवरच्या 11व्या मजल्यावर, घरात बायको, आई आणि दोन लहान मुलं. रात्री कुणी घुसलंच तर हाताशी असावीत म्हणून काडतुसं घ्यायची आहेत, आणि दुकानदार म्हणतो एलजी, म्हणजे जाड छर्ऱ्याचं काडतूस घ्या, सगळ्यात जबर तेच.

फौजेतून आल्यावर मी 19 वर्षं ठाण्यात बँकेच्या दारावर हीच दुनळी घेऊन उभा होतो. माझं मत सरळ आहे: त्याहून जरा बारीक छर्ऱ्याचं एसजी घ्या, आणि घरासाठी तेवढी एकच जात ठेवा. एलजीचा छर्रा साधारण 9 मिमीचा, एसजीचा साडेआठच्या आत. एसजीत छर्रे जास्त, प्रत्येकाचं वजन कमी, आणि हॉलच्या 4-5 मीटरांत एलजीचं ते जादा वजन काहीच कामाचं नाही. एका गोळीचं काडतूस तर फ्लॅटमध्ये आणूच नका. उलट टोकाला काही जण 4 किंवा 6 नंबर सुचवतील, भिंतीपलीकडे जाणार नाही म्हणून. तो बारीक छर्रा पाखरांसाठी आहे. अमेरिकेच्या एफबीआयनं, माणसाच्या मांसाऐवजी चाचणीला वापरतात त्या जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान 12 इंच शिरायला हवं असं माप धरलंय, 6 नंबर त्याच्या निम्म्याच्या आसपास थांबतो. जखम भयंकर दिसते, पण चाल करून आलेला माणूस थांबेलच याचा भरवसा नाही.

आता भिंती. मायवानची, म्हणजे साच्यात एकसंध ओतलेली काँक्रीटची भिंत असेल तर छर्रा आरपार जाणार नाही, पण तिरका लागला तर भिंतीलगत घसरत पुढे जातो. पॅसेजमधून झाडलेला बार मुलांच्या खोलीच्या दारापर्यंत पोचतो तो असा. लाकडी दार, जिप्समचं पार्टिशन आणि बाल्कनीची स्लायडिंग काच एसजीला अडवत नाहीत. छर्रे फाकतात म्हणून नेम लागत नाही असंही समजू नका. खोलीभराच्या अंतरावर ते तळहाताएवढ्या जागेतच लागतात. म्हणून दिवसाउजेडी घरात फिरा, कुठे उभं राहिलं की मुख्य दारामागे लिफ्टची काँक्रीटची भिंत येते आणि कुठून शेजाऱ्यांचं दार येतं, ते पाहून ठेवा. आई आणि मुलं एकाच खोलीत, तुम्ही त्यांच्या आणि दाराच्या मध्ये, हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. बंद खोलीत बार 150 डेसिबलच्या वर जातो, लहान मुलांचे कान कायमचे जाऊ शकतात.

याहून महत्त्वाची गोष्ट दुकानदारानं तुम्हाला विचारलीच नाही: चेंबर, म्हणजे नळीचा काडतूस बसतं तो मागचा भाग, केवढा आहे? वडिलांच्या काळातल्या बऱ्याच दुनळ्या अडीच इंची, म्हणजे 65 मिमी चेंबरच्या. त्यात 70 मिमीचं काडतूस आरामात बसतं, आणि धोका तिथेच आहे. कारण 70 हे माप उडाल्यावर उघडलेल्या पुंगळीचं, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्याचं. तोंड दुमडलेलं असतं तोवर ती आखूडच दिसते. बार उडाला की ते तोंड चेंबरच्या पुढच्या अरुंद गळ्यात उघडतं आणि नळीतला दाब वाढतो. जुनी नळी फाटू शकते. नळीखालचे शिक्के वाचा, वाचता येत नसतील तर परवानाधारक बंदूकदुरुस्तीवाल्याकडून मोजून घ्या. तोवर एकही काडतूस भरू नका.

आणि आपला पावसाळा. एका वर्षी बँकेच्या सरावाला आमची कागदी पुंगळीची काडतुसं ओल लागून फुगली होती, त्यातली दोन तर चेंबरमध्ये शिरलीच नाहीत. प्लॅस्टिक पुंगळीची घ्या, हवाबंद डब्यात ठेवा. तेलाचा हात काडतुसाच्या बुडातल्या टोपीला (घोडा आपटतो तिथे) लावू नका. पितळ हिरवं पडलं तर वापरू नका. खडकीच्या कारखान्याची माझी घट्ट झाकणाच्या डब्यात चार पावसाळे नीट टिकली. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या, दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे.

कायद्याचं थोडक्यात: 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. सूर्यास्तानंतर घरफोडी, दरोडा यांत कलम 41 बचावाचा मोठा हक्क देतं, पण कलम 37 म्हणतं की पोलिसांची मदत मिळण्याइतका वेळ असेल तर हक्क नाही आणि गरजेपेक्षा जास्त इजाही करता येत नाही. पळणाऱ्याच्या पाठीवर बार टाकलात तर बचाव सांगता येणार नाही. म्हणून दार आतून लावून 112 लावणं पहिलं. मोबाइल बंदुकीच्या कुलपाजवळच चार्जिंगला ठेवा.

परवान्यावर काडतुसांची जेवढी संख्या लिहिली आहे तेवढीच घ्या. त्यातली निम्मी सरावात उडवा, आपल्याच बंदुकीतून, 5 मीटरवर पुठ्ठ्यावर, दोन्ही नळ्या वेगवेगळ्या. डाव्या-उजव्या नळीचा चोक, म्हणजे तोंडाशी नळी किती आवळलेली आहे ते, बहुधा सारखा नसतो. कुठली नळी आधी दाबायची ते त्या पुठ्ठ्यावर कळेल.