ऑपरेशननंतर नर्स सर्वात जास्त लक्ष कशावर ठेवतात?

टाक्यांपेक्षाही जास्त लक्ष पेशंटमध्ये होणाऱ्या बदलांवर असतं: श्वास, नाडी, बीपी, लघवी आणि दुखणं. सर्जिकल वॉर्डात ड्युटी करते म्हणून सांगते. पेशंट ऑपरेशन थिएटरमधून वॉर्डात आला की पहिला तास साधारण दर 15 मिनिटांनी नोंद होते, कारण आतला रक्तस्राव ड्रेसिंगवर दिसेलच असं नाही. बहुतेक वेळा आधी नाडी वाढते, बीपी नंतर उतरतं. लघवीची पिशवी वाकून बघतो तीही त्यासाठीच, कारण शरीरात रक्त कमी पडलं की लघवीही कमी होते (नातेवाईकांना वाटतं, सिस्टरांना दुसरं काम नाही!). 60 किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली तरी व्हायला हवी. दुखणं 0 ते 10 मध्ये विचारतो. ‘सहन होतंय’ हे उत्तर चालत नाही. दुखत असलं की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग कफ साचतो. लवकर चालवण्याचा हट्ट त्यासाठी, आणि पायात गुठळी होऊ नये म्हणून. मात्र वेळा ऑपरेशन आणि भूल बघून ठरतात. पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल, तर पायांत पूर्ण ताकद येईपर्यंत उठू नका, आणि पहिल्यांदा उठताना सिस्टरना बोलवा.