स्क्रेपी आणि शेळीची जनुकं : वाचकांचे प्रश्न

शेळी खांबाला सारखी अंग घासते, चारा खाऊनही खंगत चालली आहे. स्क्रेपी असेल का?

स्क्रेपी म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या मेंदूचा जीवघेणा रोग. पण आधी उवा, खरूज आणि जंत तपासून घ्या; बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. स्क्रेपी करडांत दिसत नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण 2 ते 5 वर्षं जातात. कमरेजवळ पाठ बोटांनी खाजवून पाहा. जनावर मान ताणून ओठ चावल्यासारखे हलवू लागलं, शिवाय चाल अडखळती आणि अंगाला कापरं असेल, तर पशुवैद्यकाला लगेच बोलवा. पक्कं निदान मात्र मेल्यानंतर मेंदूच्या तपासणीतूनच होतं. औषध नाही, लसही नाही. म्हणून तर जनुकांचा विषय इतका मोलाचा.

स्क्रेपी ज्याच्यामुळे होते तो प्रिऑन हा विषाणूच ना? मग जनुक त्याला कसं अडवतं?

विषाणू नव्हे. प्रिऑन म्हणजे घडी बिघडलेलं प्रथिन. त्याच प्रथिनाचा निरोगी अवतार शेळीच्या स्वतःच्या शरीरात असतो. बिघडलेला रेणू निरोगी रेणूला भिडतो आणि त्याचीही घडी बिघडवतो. ही साखळी मेंदू पोखरत जाते. रोगाला लागणारा कच्चा माल शेळीच पुरवते, असं म्हणा ना! प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि कोणत्या जागी कोणतं आम्ल येणार ते जनुक ठरवतं. काही शेळ्यांत या प्रथिनाच्या 222व्या जागी ग्लुटामिनऐवजी लायसिन असतं, काहींत 146व्या जागी ॲस्पॅराजिनऐवजी सेरीन किंवा ॲस्पार्टिक आम्ल. एवढ्याशा फरकाने घडी बिघडणं फार अवघड होतं. नॉर्वेत तर काही दुभत्या शेळ्यांच्या शरीरात हे प्रथिन बनतच नाही, आणि तरीही त्या धडधाकट असतात. निसर्गाची ही किमया मला अजूनही थक्क करते.

मेंढ्यांसाठीची जनुकचाचणी शेळ्यांना चालेल?

नाही. मेंढ्यांत 136, 154 आणि 171 या जागा पाहतात. शेळ्यांसाठी 146 आणि 222 तपासणारी चाचणीच मागा.

असं संरक्षक जनुक असलेला बोकड आणला तर तसा कळप किती वर्षांत तयार होईल? एक प्रत पुरते का?

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली. संरक्षक जनुकाची एक प्रतही भरपूर संरक्षण देते, आणि पैदाशीत सगळा डाव यावरच आहे. युरोपीय संघाने 2020 मध्ये नियम बदलले. त्यानंतर बाधित कळपातही ही जनुकं असलेल्या शेळ्यांना, एकच प्रत असली तरी, सरसकट मारण्यातून वगळता येऊ लागलं. मेंढ्यांना अशी सवलत आधीपासून होती. शेळीपालकांना फार वाट पाहावी लागली.

आता हिशेब. बोकडात दोन्ही प्रती असतील तर त्याच्या प्रत्येक करडाला एक मिळणारच, म्हणजे पहिल्याच वेतात सगळी करडं एक-प्रतवाली. बोकडात एकच प्रत असेल तर सरासरी निम्म्या करडांना मिळेल, आणि कोणत्या ते चाचणीशिवाय कळणार नाही. पण अनेक जातींत ही जनुकं विरळ आहेत. हाती लागला एक बोकड आणि लावला सगळ्या कळपाला, पुढे त्याच्याच लेकींना, असं कृपा करून करू नका. स्क्रेपी टळेल, पण जवळच्या रक्तातल्या पैदाशीने दूध आणि काटकपणा दोन्ही जाईल. वेगवेगळ्या घराण्यांतले तीन-चार बोकड मिळेपर्यंत धीर धरा. एक-प्रतवाला, पण दुधाच्या चांगल्या वंशातला बोकडही मी आनंदाने ठेवीन.

जनुक असलं की निर्धास्त?

नाही. हे संरक्षण नेहमीच्या, म्हणजे क्लासिकल स्क्रेपीपासून आहे. नॉर्वेत 1998 मध्ये ओळखली गेलेली ॲटिपिकल स्क्रेपी वेगळी. तिच्यासाठी हीच जनुकं गृहीत धरू नका.

मग गोठ्यात काय काळजी घ्यायची?

सगळ्यात जास्त लक्ष विण्याच्या जागेवर. बाधित शेळीच्या वारेत प्रिऑन असतात आणि इतर शेळ्या ती हुंगतात, चाटतात. वार पडल्याबरोबर हातमोजे घालून उचला, भिजलेलं अंथरूणही काढा. संशयित शेळीचं दूध करडांना पाजू नका, त्यातूनही लागण होते. उकळत्या पाण्याने किंवा फॉर्मालिनने प्रिऑन मरत नाहीत, आणि मातीत ते वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून विण्याची जागा सहज धुता येईल अशी, पक्क्या फरशीची आणि इतर शेळ्यांपासून वेगळी ठेवा.