ताई ची नवीन शिकताय? आधी पायांकडे बघा
ताई ची म्हणजे संथ हालचालींची चिनी युद्धकला. तिचा २४ चा फॉर्म (म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या २४ हालचाली) १९५६ साली चीनमध्ये यांग स्टाईल या तिच्याच एका शैलीवरून सोपा करून बसवला, पूर्ण करायला पाचसहा मिनिटं लागतात, पण म्हणून तो आठवड्यात उरकायच्या मागे लागू नका. जागा कमी असेल तर ८ चा घ्या, तोही मस्त आहे. नवीन माणूस हातांकडेच बघत बसतो आणि खरी गोची असते पायात. फॉर्ममधली ‘जंगली घोड्याची आयाळ’ नावाची स्टेप घ्या, पाऊल टाकताना आधी नुसती टाच टेकवायची, वजन मागच्या पायावरच, मग हळूहळू पुढं न्यायचं, गुडघा बोटांच्या दिशेनंच वाकवायचा, आत पडू द्यायचा नाही. टाच टेकलेली असताना तो पाय परत उचलता येतोय का बघा, नसेल येत तर वजन आधीच पुढं गेलंय, पाऊल छोटं करा. दोन्ही पाय एका रेषेत नकोत, मध्ये आडवं वीतभर तरी अंतर ठेवा, नाहीतर डोंबाऱ्यासारखं दोरीवर डुलाल. व्हिडिओ बघून करत असाल तर शिक्षक पाठमोरा असलेला शोधा, डावंउजवं उलटं होत नाही. किती खाली बसायचं याची स्पर्धा नको (व्हिडिओतली पोरं बसतात, बसू देत). श्वासाचं सध्या डोक्यात घेऊ नका, फक्त रोखू नका.