पुंगळी आपोआप कशी तडकली?

प्रश्न : आमचे आजोबा तोफखान्यात होते, देवळालीला रिटायर झाले तेव्हा तोफेची एक रिकामी पितळी पुंगळी घरी आली, तिच्यात आम्ही छत्र्या ठेवायचो. भगूरच्या घराचं काम काढलं म्हणून दोन पावसाळे ती गोठ्याच्या माळ्यावर पडून होती. आता काढली तर तोंडापासून उभी चीर, चांगली बोटभर! पडली नाही, कुणी आपटली नाही. भांडी बाजारात दाखवली तर तिथले काका पहिलं विचारतात, गोठ्यात होती का? दुसरं म्हणजे माझा चुलतभाऊ अमेरिकेत रायफलच्या पुंगळ्या परत भरून वापरतो, त्यांच्याही मानेला, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडाला, अशाच चिरा जातात म्हणे. हा एकच रोग का?
— एक वाचक, भगूर

उत्तर : काकांनी बरोबर ओळखलं. पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. पत्रा ओढून ओढून पुंगळी करतात त्यामुळे धातूत ताण अडकून राहतो, वरून काही दिसत नाही. त्यात ओल आणि अमोनिया मिळाला की पितळ तडकतं, आणि गोठ्यात अमोनियाला काय तोटा, गोमूत्रातूनच तो सुटतो. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकायची, तबेल्याजवळ ठेवलेली असायची, घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे कारण नंतर कळलं. उपाय म्हणजे वस्तू बनवल्यावर हलकी तापवून ताण काढून टाकायचा. तांबट घडवताना भांडं मधेमधे तापवून मऊ करतो ना, जवळपास तेच.

चुलतभावाचं बहुतेक वेगळं आहे, चीर दिसायला सारखीच. गोळी सुटली की मान फुगते, परत भरताना साच्यात दाबून ती बारीक करतात, पुन्हा फुगते, पुन्हा दाबतात, वायर वाकवून वाकवून तुटते तसं. म्हणून ते लोक काही फेऱ्यांनंतर फक्त मान आणि खांदा (मानेखालचा उतरता भाग) तापवून मऊ करतात. बूड कधीच नाही! सगळा दाब बुडाला झेलायचा असतो, ते मऊ पडलं तर पुंगळी फाटून गरम गॅस मागे नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो.

खरं तर मानेची चीर बघून मला एवढी काळजी वाटत नाही, पुंगळी फेकली की विषय संपला. भीती वाटते ती बुडाच्या जरा वर गोल फिरणाऱ्या चकचकीत रेघेची. साच्यात खांदा गरजेपेक्षा जास्त मागे दाबला की पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे बंदुकीतल्या तिच्या खोबणीत, ढिली बसते, दर फायरला लांबते आणि बुडाजवळ आतून पातळ होत जाते, शेवटी तिथेच दोन तुकडे. टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवायची, खाच लागली की ती पुंगळी बाद, आणि साचा परत सेट केल्याशिवाय पुढची भरायची नाही. भावाला हे जरूर सांगा. आपल्याकडे लायसनशिवाय काडतूस भरणं हा आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे, तेव्हा घरी हौस म्हणूनसुद्धा नको.

आता तुमची छत्र्यांची पुंगळी. आधी बुडातली टोपी, म्हणजे ठोका बसला की दारू पेटवणारा भाग, बघा, तिच्यावर ठोक्याचा खड्डा नसेल किंवा जरा जरी शंका आली तर हात न लावता पोलिसांना कळवा. खड्डा असेल तर ती बहुधा उडालेली आहे, पण टोपी फुसकी गेली तरी खड्डा पडतो, म्हणून आधी जाणकाराकडून खात्री करून घ्या, मगच चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून घ्या म्हणजे चीर सहसा पुढे सरकत नाही, आणि पुसायला अमोनियावालं पॉलिश वापरू नका. चिंच चालेल पण लगेच धुऊन कोरडी करा, आणि परत गोठ्यात नको!