हात लावायला माणूस

पोरा,

काल फोनवर तू एका दमात तीन प्रश्न विचारलेस, कमरेला पट्टा घेऊ का, एमआरआय काढू का, का सरळ टेम्पो चालवायला शिकू. मी नीट बोललो नाही कारण मला राग आला होता. तुझी कंबर दुखतेय म्हणून नाही रे, तू जे सहज बोलून गेलास ना, की बटाट्याची गोणी एकट्यानंच थप्पीवरून ओढली आणि तशीच वळून पाठीवर घेतली, त्याचा राग.

हात लावायला माणूस असल्याशिवाय गोणी उचलायची नाही. बास. बाकीचं सगळं नंतर.

मी मस्जिद बंदरला हमालीला लागलो तेव्हा साखरेचं पोतं १०० किलोचं असायचं. ते एकट्याला उचलताच यायचं नाही, म्हणून दोघं लोखंडी आकडे लावून चढवायचे आणि तिसरा घेऊन जायचा. मग मार्केट वाशीला आलं, पुढं भांडून भांडून ५० किलोची गोणी मिळाली, चांगलंच झालं, पण ५० किलो जवान पोराला एकट्याला उचलता येतं आणि घात तिथंच होतो. उचलता येतंय म्हणून उचलतो, घाई असते म्हणून वाकलेलाच कमरेतनं वळतो, आणि एक दिवस चमक येते. वळायचं तर पाय वळवून वळ, गोणी पोटाशी धर, हे तुला मुकादमानं सांगितलंच असेल, पण शेजारी माणूस असला तरच ते जमतं, एकटा असलास की घाईत कंबरच वळते. (आणि गोणीवर ५० लिहिलंय म्हणून आत ५० च असतात असं समजू नकोस, कांद्याचं तर विचारूच नको.)

आता तुझे प्रश्न. पट्टा घ्यायचा तर घे, पण पट्ट्यानं दुखणं टळत नाही, उलट पोरांना वाटतं आता काही होत नाही आणि दोन गोण्या जास्त घेतात. एमआरआय लगेच नको, ज्यांचं काहीच दुखत नाही त्यांच्याही रिपोर्टात गादी सरकलेली निघते आणि मग माणूस रिपोर्टालाच भिऊन झोपून राहतो. झोपून तर अजिबात राहू नकोस. वजन उचलणं बंद, पण चालत राहा, बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप उतरतं. सकाळी मणक्यातल्या गाद्या रात्रभर पाणी पिऊन फुगलेल्या असतात, म्हणून उठल्यावर तासभर खाली वाकणं टाळायचं. गाडी पहाटेच लागते, माहितीय मला. मग तासभर आधी ऊठ. मी उठायचो.

टेम्पोचं म्हणशील तर दिवसभर हादरे खात बसणं कमरेला काही सुखाचं नसतं, तेव्हा पळून जाण्यासाठी ते शिकू नकोस, शिकायचंच असेल म्हणून शिक.

मी काय केलं सांगू? दिवाळीचा सीझन होता, आमच्या हमालांच्या टोळीत दोन माणसं कमी, माझी कंबर धरली. सुई टोचून घेतली आणि संध्याकाळी परत गाडीवर चढलो, कुणाला बोललो नाही. टोळीचा पैसा सगळ्यांत सारखा वाटतात, मग माझा भार दुसऱ्यानं का वाहायचा, असं डोक्यात होतं. बायको म्हणत होती गावी चला चार दिवस. मी भित्रा नव्हतो आणि मूर्खही नव्हतो, पोरीची फी भरायची होती, त्या जागी तू असतास तर तूही तेच केलं असतंस. असं मी अजून म्हणतो. पण डाव्या पायाचा अंगठा आजही वर उचलत नाही, चालताना चप्पल निसटते, आणि नातू ती आणून देतो.

तेव्हा टोळीला आजच सांग. लाज कसली त्यात? आपले माथाडी पुढारी अण्णासाहेब पाटील, त्यांच्या वेळची माणसं भांडली, १९६९ साली ओझी वाहणाऱ्यांसाठी माथाडी कायदा आला, तो काय प्रत्येकानं एकट्यानं मरावं म्हणून आला का? मुकादम कुरकुर करेल, करू दे. महिनाभर तुला मापाला, वजनकाट्यावर बसवा म्हणावं. आणि परत उचलायला लागलास की पहिल्या दिवसापासून हात लावायला माणूस, मग बाकीचे हसले तरी चालेल. माझ्यावरही हसायचे, म्हातारा झाला म्हणायचे, ते हसणारे कुठं आहेत ते तुला भेटल्यावर सांगतो.

एक मात्र लक्षात ठेव. बसतो त्या जागेला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, किंवा पायातली ताकद जायला लागली, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलात जायचं. मालीशवाल्याकडे नाही.

उद्या अंघोळीआधी भिंतीला हात लावून टाचांवर दहा पावलं चालून बघ. अंगठे वर राहतात का बघ, दोन्ही. आणि रात्री फोन कर, नऊपर्यंत मी जागा असतो.

तुझा काका